नागपूरच्या फुटाळा तलावावर सूर्यास्तानंतर चमकणारे ढग दिसले. ते निशादीप्त ढग असतील का?

नाही, नागपुरातून ते दिसत नाहीत. तुम्ही पाहिले ते बहुधा साधे तंतुमेघ, म्हणजे उंचावरचे पिसांसारखे पातळ ढग. निशादीप्त ढग म्हणजे सुमारे 80-85 किलोमीटर उंचीवरचे बर्फाचे अतिसूक्ष्म कण. ते उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या आकाशात तयार होतात आणि मुख्यतः 50 ते 65 अंश अक्षांशांवरून दिसतात. आपण 21 अंशांवर. खरी खूण वेळेची: तंतुमेघ दहा-बारा किलोमीटरवर, म्हणून सूर्य बुडाला की आधी गुलाबी होतात, मग अर्ध्याएक तासात राखाडी पडतात. निशादीप्त ढग अंधार पडल्यावरच निळसर-रुपेरी लाटांसारखे उजळतात, कारण तेवढ्या उंचीवर ऊन अजून पोचत असतं. जून 2019 मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्नियातूनही, म्हणजे 34 अंशांच्या आसपास दिसले होते, पण तो अपवादच. बघायचेच असतील तर जून-जुलैत स्कॉटलंड गाठा.