एडिसनच्या मधोमध असूनही मटचन वेगळं गाव कसं?

तुम्ही विचारलंय: "नुकतेच न्यू जर्सीत एडिसनला राहायला आलोय. मटचनच्या चारी बाजूंना एडिसनच आहे, तरी त्याचा कारभार वेगळा आणि त्याला 'बरो' म्हणतात. हे काय प्रकरण आहे?"

मी बारा वर्षं मटचनमध्ये राहतेय आणि या गावावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (नाव वाचून बरेच जण 'मेटुचेन' म्हणतात. इथली माणसं 'मटचन' म्हणतात, 'ट'वर जोर देऊन.)

नकाशा पाहिला तर एडिसन म्हणजे मेदूवडा आणि मटचन म्हणजे त्याच्या मधलं भोक. त्यामुळे एडिसनने याला वेढून टाकलं असं वाटतं, पण घडलं ते उलटं. पूर्वी हा सगळा भाग रॅरिटन टाउनशिप (वस्त्या आणि शेतं मिळून एकाच कारभाराखालचा मोठा भाग) होता, १८७० साली झालेला. त्यातून मटचन २० मार्च १९०० रोजी वेगळं झालं, १९०५ मध्ये नदीकाठचं हायलँड पार्क वेगळं झालं आणि जे उरलं त्याने १९५४ मध्ये एडिसन हे नाव घेतलं, कारण थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती. मटचन हे नाव त्याच्या कितीतरी आधीचं. इथल्या मूळच्या लेनापे लोकांच्या एका प्रमुखाच्या नावावरून ते आलं असं सांगतात.

वेगळं होण्यामागे रेल्वे आहे. १८३६च्या सुमारास इथून न्यू ब्रन्सविककडे जाणारी गाडी सुरू झाली, स्टेशनभोवती दुकानं आली, मग न्यूयॉर्कला रोज ये-जा करणाऱ्यांची घरं. भोवताली मात्र शेतीच होती. अशा दाट वस्तीला फुटपाथ, दिवे, पाणी, चांगली शाळा हवी असते आणि लांबवरच्या शेतकऱ्याला त्यासाठी कर भरायचा नसतो. त्यात १८९४च्या कायद्याने न्यू जर्सीत अख्ख्या टाउनशिपची मिळून एकच शालेय व्यवस्था झाली, पण बरोला स्वतःची वेगळी ठेवता येत होती. झालं! राज्यभर गावागावांनी बरो व्हायचा सपाटा लावला. बरो म्हणजे आपल्याकडच्या छोट्या नगरपरिषदेसारखं समजा: मटचनचा महापौर चार वर्षांसाठी, सहा सदस्य तीन-तीन वर्षांसाठी निवडले जातात. पोलीस, शाळा, वाचनालय सगळं गावाचं स्वतःचं. आणि हे सगळं सुमारे ७ चौरस किलोमीटरमध्ये, २०२०च्या जनगणनेनुसार १५,०४९ लोकांसाठी.

माझी आई इथे आली होती तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी चालायला जायचो. एकदा तिने विचारलं, "अगं, गावाची शीव कुठे आहे?" मी म्हटलं, "आई, ती आपण मघाशीच ओलांडली." तीच झाडं, तशीच घरं. शिवेवर ना ओढा, ना माळ.

जमिनीचं सांगायचं तर हिमयुगात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, बर्फाचा थर जिथवर येऊन थांबला ती दगडमातीची रांग पर्थ अँबॉयपासून याच भागातून वायव्येला जाते. परसात वांगी लावायला खणलं की तांबूस माती आणि गोल गुळगुळीत गोटे निघतात. पहिल्या वर्षी मी बादलीभर गोटे काढले आणि तुळशीभोवती रचले, ते अजून तसेच आहेत. वायव्येच्या टोकाला दलदल आहे, तिथे पक्षी बघायला जरूर जा.

या गावाला 'ब्रेनी बरो' म्हणतात, कारण एकेकाळी इथे लेखक, कलावंत, इंजिनियर बरेच राहायचे. न्यूयॉर्कचा हेल गेट पूल (१९१६) ज्यांनी उभारला ते गुस्ताव लिंडेंथाल इथेच राहायचे आणि १९३५ मध्ये इथेच वारले. न्यूयॉर्कहून बोस्टनला जाणाऱ्या गाड्या आजही त्या पुलावरून धावतात, आणि आपल्या स्टेशनातले रूळ त्याच मार्गाचे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

बघायचंच असेल तर मिडलसेक्स अ‍ॅव्हेन्यूवरची १८०७ सालची लाकडी शाळा आधी बघा. छोटीशी आहे, गावातल्या बायकांच्या संस्थेने सांभाळलेली. मग जुन्या लीहाय व्हॅली रेल्वेच्या जागी २०१२ मध्ये खुली झालेली साडेतीन मैलांची पायवाट धरा. ती मटचनमध्ये सुरू होते, एडिसनमधून जाते आणि वुडब्रिजला संपते. मुलांना सायकली द्या आणि तुम्ही मागून चालत या. वाटेत शीव कुठे लागली ते मुलांना ओळखायला सांगा.