अगरबत्ती, धूप, अत्तर विकायचं मोबाईल ॲप डिझाईन करताना सुरुवात कुठनं करावी?

बेळगावातल्या दुकानासाठी ॲप करायचंय म्हणताय, तर रंग-लोगो नंतर बघा, आधी वासाचं बघा. मोबाईलवर वास येत नाही हीच खरी अडचण, त्यामुळं नुसतं 'मनमोहक सुगंध' लिहून काय कळतंय? त्यापेक्षा लिहा की लावल्या लावल्या लिंबासारखं येतंय, थोड्या वेळानं मोगरा आणि शेवटी कपड्यावर चंदन राहतंय, उदबत्ती असेल तर धूर किती, काडी किती मिनिटं जळते, बंद खोलीत डोकं चढेल का. अत्तरात अल्कोहोल आहे की नाही हे ठळक पाहिजे, बरीच लोकं त्यावरच ठरवतात.

सर्चवर मेहनत घ्या. आपल्याकडं कोण मराठीत 'मोगरा' टाकणार, कोण कन्नडमध्ये 'मल्लिगे', पोरं इंग्रजीत 'जास्मिन', आणि तिघांनाही तोच माल दिसला पाहिजे. भाषेचं बटण पहिल्याच स्क्रीनवर ठेवा, सेटिंगमध्ये लपवू नका.

माझ्या मते सगळ्यात कामाचं म्हणजे सॅम्पल पाकीट, पाच वासांच्या दोन-दोन काड्या नाहीतर 1 मिलीची कुपी, आणि ते पैसे पुढच्या ऑर्डरीत वजा करा, म्हणजे निपाणी-खानापूरचं गिऱ्हाईक पण न बघता मोठी बाटली घ्यायच्या भीतीतनं सुटतंय.

आणि अल्कोहोलवाला स्प्रे पेटणारा माल धरतात, विमानानं पाठवायला नियम कडक, म्हणून डिलिव्हरीची तारीख रोडच्या हिशेबानं दाखवा. एमआरपी, निव्वळ वजन, कुठल्या देशात बनलं हे ॲपवर दाखवणं कायद्यानं लागतंय, त्याला जागा आधीच धरा.