पेनाइन वे ही ब्रिटनमधली पायवाट पहिल्यांदाच लांब चालणाऱ्याला झेपेल का?

झेपेल. चढांपेक्षा चिखलाचीच धास्ती जास्त बाळगा. इंग्लंडमधल्या ईडेलपासून स्कॉटलंडच्या कर्क येटमपर्यंत साधारण ४३० किलोमीटर. दोन-अडीच आठवडे धरून चाला. सर्वांत उंच माथा क्रॉस फेल, ८९३ मीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण माथा उघडाबोडका. धुकं उतरलं की वाट दिसेनाशी होते. कागदी नकाशा, होकायंत्र हवंच, नुसत्या मोबाइलवर विसंबू नका. पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या) दलदलीवर बऱ्याच ठिकाणी फरशा टाकल्यात, पण ओल्या झाल्या की त्याही घसरड्या (काठी न्याच). तंबू ठोकायचा तर इंग्लंडच्या हद्दीत जमीनमालकाची परवानगी लागते. सुट्टी थोडीच असेल तर वाटेवरच्या मालम ते हॉज या गावांमधला एवढाच टप्पा करा. चुनखडीचे कडे तिथेच आहेत.