युगांडाला येण्याआधी

पुण्यातली फेलोशिप संपवून वर्षभरासाठी युगांडात, मुलांच्या ब्लड कॅन्सरवर काम करायला यावं का आणि येताना काय आणावं, असं विचारलंयस. मी कंपालाबाहेर एका मिशन रुग्णालयात सहा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे काहीच नाही, असं समजून येऊ नकोस. डॉ. बर्किट या सर्जनने मुलांच्या जबड्यातल्या कॅन्सरच्या गाठींवर 1958 साली लिहिलं ते कंपालातल्याच मुलागो रुग्णालयात काम करून, आणि युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट 1967 पासून आहे.

औषधंही तीच गं: व्हिन्क्रिस्टिन, प्रेडनिसोलोन, अस्पॅराजिनेज, मणक्यातून मेथोट्रेक्झेट. फक्त तिकडचा कडक प्रोटोकॉल जसाच्या तसा लावू नकोस. पांढऱ्या पेशी तळाला गेल्यावर ताप आला आणि प्लेटलेट मिळाल्या नाहीत, तर मूल आपल्या उपचारानेच जातं. माझ्या हातचं एक पेशंट मूल असंच गेलं. तेव्हापासून आधी ब्लड बँकेला फोन, मग डोस.

मुलं उशिरा येतात. लुगांडा या इथल्या भाषेत तापाला 'ओमुसुज्जा' म्हणतात, मलेरियालाही बहुतेकदा तेच. ताप, पांढुरकी जीभ, वाढलेली पानथरी (प्लीहा). कुणालाही मलेरियाच वाटणार. त्यात कुणी स्टेरॉइड देऊन ठेवलं असेल तर कॅन्सरच्या पेशी काही काळ दिसेनाशा होतात आणि रक्ताची स्लाइडही फसवते.

पहिला महिना निभला की घरचे म्हणतात, पोर खेळतंय, आता कशाला यायचं? पुढे दोन वर्षं गोळ्या असतात. बोडा-बोडाचं (मोटरसायकल टॅक्सीचं) भाडं, शेतावरचा खाडा, घरी बाकीची चार पोरं. आमच्या हातून सुटलेली मुलं बहुतेक इथेच सुटली. या गोळ्यांत मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच. तेही रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून मी 'रविवारी, चर्चहून आल्यावर' असं सांगते, मुसलमान घरात शुक्रवारच्या नमाजानंतर.

खरं सांगू? एक वर्ष कमी आहे. तू सुरू केलेला एकही उपचार तुझ्यासमोर संपणार नाही. तरी यायचंच असेल तर इथल्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे कागद आत्ताच हलव, आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घे.

आणायचं म्हणशील तर गोळ्या कापायचे छोटे कटर आण, वीसेक. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी 50 मिलिग्रॅमची, लहान पोराला अर्धी लागते. आया दाढीच्या ब्लेडने कापतात, आणि निम्मी गोळी चुरा होऊन लुगड्यावर सांडते.