विमान एकच, वाटेकरी अनेक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या उत्तरेला राहतो. आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेच्या, सभेत नुकताच एक ठराव आला. काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा, विमानातून जमिनीचे फोटो काढून घेणार आहे आणि त्या खर्चात टाउनशिपने वाटा उचलायचा आहे. गूगलवर सगळं फुकट दिसतं, मग करदात्यांचे पैसे कशाला, असं मी विचारलं, पण नीट उत्तर मिळालं नाही. आपण ओहायोतल्याच एका काउंटीच्या नकाशा विभागात बरीच वर्षं होतात. आपल्याला काय वाटतं? – एक वाचक, ओहायो

उत्तर : ठरावाला पाठिंबा द्या. फक्त सही होण्याआधी करारातल्या दोन गोष्टी बघून घ्या. त्याबद्दल पुढे लिहिते.

गूगलवरचं चित्र बघायला छान असतं, पण ते कधीचं असावं हे आपल्या हातात नसतं. एकाच पडद्यावर तुमचं घर एका वर्षीचं आणि पलीकडचं शेत दुसऱ्याच वर्षीचं असू शकतं. त्यावरून चराची रुंदी मोजून कंत्राट काढता येत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याचे फोटो 2003 पासून मिळतात, तेही मोफत. पण ते पिकांसाठी, म्हणजे ऐन हिरवाईत काढलेले असतात. मेपलच्या झाडाखाली दडलेलं छप्पर किंवा गटाराचं झाकण त्यात कसं दिसणार?

आम्हाला फोटो हवे असत मार्च-एप्रिलचे. बर्फ वितळलेला, पालवी फुटायची आहे, ढग नाहीत, नद्यांना पूर नाही आणि सूर्य क्षितिजापासून निदान 30 अंश वर. असे दिवस ओहायोत फार थोडे मिळतात. पण मिळाले की काय काय दिसतं! आपल्याकडची सपाट शेतं ओलसर, त्यामुळे पाणी काढून द्यायला जुन्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली नळ पुरलेत. कुठे पुरलेत, ते सांगणारं माणूस बऱ्याचदा हयात नसतं. पाऊस होऊन दोन-तीन दिवस गेले, की नळावरची माती आजूबाजूच्या मातीआधी वाळते आणि नांगरलेल्या रानात फिकट रेघा उमटतात. आकाशातून त्या स्वच्छ दिसतात. चराच्या दुरुस्तीवरून दोन शेजाऱ्यांचं जुंपलेलं भांडण अशा एका फोटोपुढे बसून मिटलेलं मी पाहिलंय. मका वाढल्यावर काढलेल्या फोटोत त्यातलं काहीच दिसलं नसतं.

आता खर्च वाटून का घ्यायचा, ते सांगते. विमान समांतर पट्ट्यांत उडतं. त्याच पट्टीत पुढचा फोटो मागच्यावर साधारण 60 टक्के चढतो, शेजारची पट्टी 30 टक्के. पट्टी संपली की वळायचं, पुन्हा रेषेत यायचं. या वळण्यात इंधन जातं आणि त्याहून मोलाचा उजेडही जातो. प्रदेश लहान असेल तर पट्ट्या आखूड आणि वळणंच जास्त. शेजारचं गाव जोडलं की तीच पट्टी लांब होते. शिवाय प्रत्येकाला आपल्या हद्दीच्या थोडं बाहेरपर्यंत फोटो लागतात. दोन गावांनी वेगवेगळं काम दिलं, तर मधल्या भागाचे पैसे दोनदा मोजले जातात. फोटो जमिनीशी जुळवून घेण्यासाठी रस्त्यांवर पांढऱ्या फुल्या रंगवून त्यांचे अक्षांश-रेखांश अचूक मोजावे लागतात, तेही दोनदा.

बारकाव्याचा हिशेबही समजून घ्या. फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक फूट लांब-रुंद चौकोन धरला तर एका चौरस मैलात 2 कोटी 78 लाख 78 हजार 400 ठिपके बसतात. सहा इंचांचा धरला की त्याच्या चौपट. ओहायोने 2006 साली राज्यभराचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा 88 काउंट्यांसाठी एक फुटाचे फोटो राज्याने आपल्या खर्चाने काढायचे ठरवले. ज्या काउंटीला अधिक बारीक हवे असतील, तिने फक्त वरच्या फरकाचे पैसे द्यायचे. मला ही पद्धत सगळ्यांत न्याय्य वाटते, कारण गरीब काउंटीच्या पदरातही काहीतरी पडतंच. विस्कॉन्सिनमध्ये काउंट्या, शहरं आणि तिथल्या मूळ रहिवाशांची आदिवासी राष्ट्रं यांनी एकत्र येऊन 2010, 2015 आणि 2020 साली उड्डाणं केली. नॉर्थ कॅरोलिनात टेलिफोन बिलातल्या 911 या आपत्कालीन मदत क्रमांकाच्या शुल्कातून पैसे येतात आणि दरवर्षी राज्याचा साधारण चौथा हिस्सा फोटोत येतो. रुग्णवाहिकेला घर सापडायचं तर नकाशा ताजा हवा, हे त्यामागचं कारण.

खरी डोकेफोड असते ती वाटा ठरवताना. मध्य ओहायोत पाच मैल लांब, पाच मैल रुंद अशा जुन्या टाउनशिप आहेत, म्हणजे 25 चौरस मैलांच्या. क्षेत्रफळावर वाटणी केली तर शेतीची टाउनशिप म्हणते, आमच्याकडे मोजकी घरं आणि आम्हीच सर्वांत जास्त का भरायचं? मालमत्तांच्या संख्येवर केली तर शहर म्हणतं, आमचं काम चार पट्ट्यांत होतं आणि सगळा भार आमच्यावर. दोघांचंही खरं आहे. बैठकीत यावर तास न् तास जायचे. माझं मत अनुभवातून असं झालं, की मूळ उड्डाणाचा खर्च क्षेत्रफळावर वाटावा, कारण विमानाला क्षेत्रफळच कापावं लागतं. ज्याला जास्त बारीक फोटो हवेत त्याने वरचे पैसे द्यावेत. आणि अगदी छोट्या गावांकडून नाममात्र रक्कम घ्यावी, पण त्यांना वगळू नये. वगळलं तर नकाशात भोक पडतं. पाणी आणि आग तिथे येऊन थांबत नाहीत.

एकाच काउंटीतली खातीही एकमेकांना विसरतात. ऑडिटरला, म्हणजे करासाठी मालमत्तांची किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याला, दर सहा वर्षांनी मालमत्तांचं मूल्यांकन नव्याने करावं लागतं आणि मधे तिसऱ्या वर्षी सुधारणा असते, म्हणून फोटो सर्वांत जास्त तेच वापरतात. इंजिनियरचं कार्यालय, सांडपाणी खातं, शेरीफचा (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा) आपत्कालीन कक्ष, सेप्टिक टाक्या तपासणारं आरोग्य खातं यांनाही ते लागतात. वाटेकऱ्यांच्या यादीत ही सगळी आहेत ना, हे सभेत विचारा.

आता त्या दोन गोष्टी. पहिली, फोटोंची मालकी आपल्याकडे राहणार की ते वर्षाच्या भाड्याने मिळणार? भाड्याचे असतील तर करार संपल्यावर जुने फोटोही हातातून जातात. आणि दहा वर्षांपूर्वी इथे काय होतं, हा प्रश्न जुन्या फोटोशिवाय सुटत नाही. दुसरी, ते लोकांना मोफत उतरवून घेता येतील का? शेतकऱ्याला, शाळेतल्या मुलाला, घर घेणाऱ्याला. ज्यांनी पैसे भरले त्यांना ते मिळालेच पाहिजेत. मालकी आपली आणि लोकांना मोफत, हे दोन्ही लिहून घ्या.

प्रश्न : मागच्या अंगणात आम्ही निवांत बसतो. सरकारी विमान वरून फोटो काढणार, हे मला बरं वाटत नाही. – एक वाचक, सिनसिनाटी

उत्तर : सहा इंचांच्या ठिपक्यात माणूस म्हणजे दोन-चार ठिपक्यांचा डाग. चेहरा ओळखता येत नाही. पण परवानगी न घेता बांधलेला लाकडी ओटा किंवा नवा पोहण्याचा तलाव मात्र दिसतो आणि ऑडिटरचे लोक तो बघतात. तुमची काळजी ही असेल, तर तिला आधार आहे. मला ते योग्यच वाटतं, कारण एकाने न भरलेला कर शेजारी भरत असतो.

प्रश्न : मी महाराष्ट्रातल्या एका नगरपंचायतीत अभियंता आहे. शेजारच्या दोन ग्रामपंचायतींबरोबर मिळून आम्हाला असं काम करून घेता येईल का? – एक वाचक

उत्तर : आधी काय झालेलं आहे ते बघा. गावठाणातल्या मिळकतींची मालकी नोंदवणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांवरून ड्रोन फिरले. त्याचा सुरुवातीचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. उड्डाणाआधी गावकऱ्यांनी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून घ्यायच्या, ही त्यातली पद्धत मला फार आवडली. हद्दीचा वाद फोटो काढण्याआधीच, जमिनीवर, सर्वांसमोर पुढे येतो. शहरांतल्या जमिनींच्या नोंदींसाठी केंद्राचा ‘नक्शा’ कार्यक्रम 18 फेब्रुवारी 2025 रोजी देशातल्या 152 शहरांत सुरू झाला. तुमचं गाव यांपैकी कशात आलं असेल, तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयाकडे फोटोंची रीतसर मागणी करा. झालेल्या कामाचे पैसे पुन्हा भरू नका.

उरतात गावठाणांच्या बाहेरचे भाग, वाड्या-वस्त्या, नाले, पाणीपुरवठ्याच्या वाहिनीची वाट. त्यासाठी तिघांनी मिळून एकच निविदा काढावी असं मी सुचवेन. फेब्रुवारी 2021 पासून भारतीय संस्थांना नकाशासाठी पूर्वीसारखी आगाऊ मंजुरी लागत नाही. ड्रोनचे उड्डाण नियम मात्र वेगळे आहेत आणि ते पाळावेच लागतात. वेळ एप्रिल-मेची धरा. तेव्हा नाले कोरडे असतात, रानं मोकळी असतात, सूर्य डोक्यावर असल्याने सावल्या आखूड पडतात. तिन्ही सभांचे ठराव दिवाळीच्या सुमाराला करून ठेवा, नाहीतर निविदेतच उन्हाळा निघून जाईल. ठरावात वाट्याचं सूत्र, मूळ फाइली कोणाकडे राहणार आणि पुढचं उड्डाण किती वर्षांनी, एवढं स्पष्ट लिहा. तिघांपैकी ज्याचा संगणक विभाग जरा बरा असेल त्याने फाइली सांभाळाव्यात, आणि बाकी दोघांना त्यांची पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर मिळाल्याखेरीज ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका.