वाई ते महाबळेश्वर दोन्ही मुलांना (९ आणि १२ वर्षं) घेऊन सायकलवर एका दिवसात जमेल का?

नाही जमणार, त्यापेक्षा वाई-मेणवली-धोम करा. वाई सोडली की लगेच पसरणी घाट लागतो, पाचगणीपर्यंतच्या १२-१३ किमीत साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर चढ आहे, वर गाड्यांची रांग आणि एसटी अगदी अंगाला घासून जाते, मोठ्यांची दमछाक होते तिथं ९ वर्षांच्या पोराचं काय सांगायचं. आम्ही वाईचेच, घरच्या पोरांना धोमच्या रस्त्यावरच नेतो. ढोल्या गणपतीपासून निघा, ३ किमीवर मेणवली, तिथं नाना फडणवीसांचा वाडा आणि मागं कृष्णेचा घाट, घाटावरच्या छोट्या देवळातली ती भलीमोठी पोर्तुगीज घंटा मुलांना नक्की दाखवा, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली. मग धोमला नरसिंहाचं देऊळ आणि धरण, जाऊन-येऊन २० किमीच्या आत, चढ किरकोळ.

फक्त ऊसतोडणी चालू असेल तर (नोव्हेंबर ते मार्च धरून चाला) ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्यांपासून जपा, वळणावर मागची ट्रॉली आत कापते आणि ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात घंटी ऐकूच येत नाही, म्हणून ट्रॉली दिसली की सरळ खाली उतरून थांबायचं. सकाळी सातला निघालात तर त्रास कमी. धाकट्याची सायकल बिनगिअरची असली तरी चालेल, पंक्चरचं सामान मात्र वाईतूनच घ्या. घाटाच्या वर जायचंच असेल तर सायकली टेम्पोत टाकून वर न्या आणि पाचगणीच्या टेबललँडवर फिरवा.