रिस्टोअर (बॅकअपमधून डेटा परत आणणं) सुरू केला की फाइल सर्व्हर लटकतो, बॅकअप मात्र सुरळीत होतो. असं का?

बॅकअपमध्ये सर्व्हर स्टोरेजवरून वाचतो, रिस्टोअरमध्ये लिहितो. म्हणून आधी लिहिण्याची वाट तपासा.

स्टोरेज आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेलं असेल तर पहिला संशय जम्बो फ्रेमवर, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या नेटवर्क पॅकेटवर, घ्या. सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज तिन्हीकडे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) जुळायला हवा. ९००० ठेवला असेल तर ८९७२ बाइटचा पिंग (पोहोच तपासणारा संदेश), पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून, स्टोरेजकडे पाठवा. साधा पिंग जातो आणि हा अडकतो, तर दोष सापडलाच. छोटे पॅकेट बिनबोभाट जात असल्याने हा दोष एरवी लक्षातच येत नाही.

विंडोज असेल तर सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट १२९ शोधा. डिस्ककडून वेळेत उत्तर न आल्याने रीसेट पाठवला गेला, असा त्याचा अर्थ. मग मल्टिपाथमधला (स्टोरेजपर्यंतच्या एकाहून जास्त मार्गांपैकी) एखादा मार्ग बंद आहे का, डिस्क कंट्रोलरच्या राइट कॅशची (लिहायचा डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीची) बॅटरी संपली आहे का, हे बघा. बॅटरी गेली की बरेच कंट्रोलर कॅश न वापरता थेट डिस्कवर लिहितात. त्यात रेड ५ (अनेक डिस्कवर डेटा आणि पॅरिटी वाटून ठेवण्याची पद्धत) असेल तर प्रत्येक छोट्या लिखाणामागे डिस्कवर चार क्रिया होतात, आणि वेग कोसळतो.

लाखो बारीक फाइल्स असतील तर अँटिव्हायरसच्या तपासणीतून रिस्टोअरची प्रक्रिया तेवढ्यापुरती वगळा.

आणि कृपा करून, घाईत तोच लन (स्टोरेजमधून सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेला भाग) दुसऱ्या सर्व्हरलाही जोडू नका. क्लस्टर फाइल सिस्टिम (एकच डिस्क अनेक सर्व्हरना एकाच वेळी वापरू देणारी) नसेल तर उरलेला डेटाही खराब होईल. रिस्टोअर वेगळ्या लनवर करा, फाइल्स उघडून पाहा, मगच जागेवर हलवा.